चेफालू: गावात पायी, गावाबाहेर रेल्वेने

सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावर, पालेर्मोपासून पूर्वेला साधारण 70 किलोमीटरवर चेफालू आहे. वस्ती 14,000 च्या आसपास. मागे उभा कातळाचा डोंगर, पुढे समुद्र आणि दोघांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत दाटीने बसलेलं जुनं गाव. एवढ्याशा गावात फिरायला मार्गदर्शक कशाला हवा, असं वाटेल. पण लोकांचे हाल होतात ते इथे फिरण्यातच. कुणी भाड्याची गाडी घेऊन जुन्या गावाच्या तोंडाशी अडकतं आणि दोन-तीन महिन्यांनी घरी दंडाची नोटीस येते. कुणी जुलैच्या भर दुपारी डोंगर चढायला घेतं. कुणी निवांत जेवून स्टेशनवर येतं तर पालेर्मोची शेवटची गाडी निघून गेलेली असते.

माझं मत सरळ आहे. चेफालूला चाकं लागतात ती पोचायला आणि निघायला. मधल्या वेळात ती नुसती अडचण. हे एकदा मान्य केलं की बाकीचं नियोजन सोपं होतं.

आधी गावाचा आकार डोक्यात बसवा

नकाशा उघडा आणि तीन गोष्टी शोधा. पहिली, ला रोक्का, म्हणजे गावाच्या पाठीशी असलेला सुमारे 270 मीटर उंचीचा कातळ. गावात कुठेही उभे राहा, तो दिसतोच. दुसरी, स्टेशन. ते जुन्या गावाच्या दक्षिणेला, नव्या वस्तीच्या मागच्या अंगाला आहे. तिसरी, लुंगोमारे, म्हणजे समुद्राला लागून जाणारा रस्ता. जुन्या गावाच्या पश्चिमेकडून तो सुरू होतो आणि वाळूच्या किनाऱ्यासोबत नैऋत्येला लांबवर जातो.

आता जुनं गाव. त्याचा कणा म्हणजे कोर्सो रुज्जेरो. पियात्सा गारिबाल्डी या चौकापासून निघून तो कॅथेड्रलपर्यंत आणि त्याही पुढे जातो. त्याला जवळपास समांतर, पण खालच्या अंगाला समुद्राकडे, व्हिया व्हित्तोरियो एमानुएले. या दोघांना जोडणाऱ्या गल्ल्या अरुंद, उताराच्या आणि एकीसारखी दुसरी. वर दोरीवर वाळणारे कपडे, खाली दारात स्कूटर. उंच घरांच्या मधे फोनवरचा नकाशा गोंधळतो, निळा ठिपका भलत्याच गल्लीत जाऊन बसतो. अशा वेळी फोन खिशात टाका. चढ लागला की कोर्सो येणार, उतार लागला की समुद्र. एवढ्यावर अख्खं जुनं गाव फिरता येतं.

कधी जावं

मे, जून आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. समुद्राचं पाणी उन्हाळाभर तापत जातं, त्यामुळे पोहायचं असेल तर मेपेक्षा सप्टेंबर बरा. जुलै-ऑगस्टमध्ये अर्धं पालेर्मो इथे उतरतं, आणि 15 ऑगस्टच्या फेर्रागोस्तोच्या आसपास तर सगळी इटलीच सुट्टीवर असते. त्या आठवड्यात खोली, बाकडं, किनाऱ्यावरची सावली, सगळ्याची मारामार.

गर्दीची तयारी असेल तर ऑगस्टचा पहिला आठवडा मात्र बघण्यासारखा. गावाचं दैवत सांतिस्सिमो साल्व्हातोरे, म्हणजे तारणहार येशू, याचा उत्सव असतो, आणि 6 तारखेला जुन्या धक्क्याजवळ 'न्तिन्ना आ मारी' हा खेळ. समुद्रावर आडवा सोडलेला, साबण-चरबी चोपडलेला लांब खांब, त्याच्या टोकाला निशाण. तरुण पोरं एकामागून एक अनवाणी धावत जातात आणि धपाधप पाण्यात पडतात. दहीहंडी पाहिलेल्या माणसाला नियम समजावून सांगावे लागत नाहीत. त्या दिवशी जुन्या गावातल्या समुद्राकडच्या गल्ल्या दुपारपासून भरतात, म्हणून बॅगा घेऊन त्या दिवशी पोचू नका.

हिवाळ्यात गाव शांत असतं, भाडी उतरतात, पण पाऊस पडतो, बरीच खानावळी-हॉटेलं बंद असतात आणि रोक्काची वाट हवा बिघडली की बंद ठेवतात.

पोचायचं कसं

जवळचा विमानतळ पालेर्मोचा, पुंता राईझीला. मुंबईहून थेट विमान नाही. रोम, मिलान किंवा युरोपातल्या दुसऱ्या एखाद्या शहरात विमान बदलावं लागतं. (शेंगेन व्हिसा लागतो, हे वेगळं सांगायला नको. इटलीत जास्त मुक्काम असेल तर इटलीकडेच अर्ज.) विमानतळ पालेर्मोच्या पश्चिमेला आणि चेफालू पूर्वेला, म्हणजे शहर ओलांडूनच जावं लागतं. विमानतळाच्या इमारतीखालूनच रेल्वे निघते आणि तासाभरात पालेर्मो चेंत्राले, म्हणजे मुख्य स्टेशनावर आणून सोडते. बसही तिथेच येते. चेंत्रालेला गाडी बदलायची आणि पुढचा 45 मिनिटं ते तासाभराचा प्रवास करून चेफालू.

विमान रात्री उशिरा उतरत असेल तर हट्टाने त्याच रात्री चेफालू गाठू नका. पालेर्मोत स्टेशनाजवळ झोपा, सकाळी निघा. रात्रीची टॅक्सी शंभर किलोमीटरच्या अंतराला जे पैसे घेते, त्यात दोन दिवसांचा मुक्काम निघतो.

रोमहून येणाऱ्यांसाठी आणखी एक मार्ग आहे, वेळखाऊ पण मजेचा. रोमहून पालेर्मोला जाणारी इंटरसिटी चेफालूला थांबते. मेसिनाच्या सामुद्रधुनीवर पूल नाही, त्यामुळे व्हिला सान जोव्हान्नीला गाडीचे डबे वेगळे करून चक्क जहाजाच्या पोटात ढकलतात आणि पलीकडे मेसिनाला पुन्हा जोडतात. अख्खा दिवस किंवा अख्खी रात्र जाते. रेल्वेचं वेड असलेलं कुणी घरात असेल तर विमानाऐवजी हेच करा.

तिकीट आणि फलाट: इथे दोन मिनिटं जास्त द्या

पालेर्मो ते चेफालू धावतात त्या 'रेजोनाले', म्हणजे प्रादेशिक गाड्या. जागा राखीव नसते, तिकीट आधी काढा नाहीतर ऐनवेळी, भाडं तेवढंच, सहा-सात युरोंच्या घरात. त्यामुळे महिनाभर आधी तिकीट काढून ठेवण्यात काही अर्थ नाही. उलट विमान उशिरा आलं तर तेच नडतं.

कागदी तिकीट काढलं तर गाडीत चढण्याआधी फलाटाच्या तोंडाशी असलेल्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. शिक्का नसेल तर तिकीट खिशात असूनही तुम्ही विनातिकीट. तपासनीस पर्यटक म्हणून सोडेल या भरवशावर राहू नये. फोनवर तिकीट काढलं असेल तर शिक्क्याच्या जागी चेक-इन करायचं असतं. ईमेलमधल्या दुव्यावर किंवा अ‍ॅपमध्ये ते बटण असतं आणि ते गाडीत बसण्याआधी दाबायचं. फोनला इंटरनेट नसेल तर सरळ कागदी तिकीट काढा.

आता फलकाकडे पाहा. 'पार्तेंत्से' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, 'अर्रिव्ही' म्हणजे येणाऱ्या. 'बिनारियो' म्हणजे फलाट, 'रितार्दो' म्हणजे उशीर, आणि तो मिनिटांत लिहिलेला असतो. फलकावर चेफालू हे नाव बहुधा मोठ्या अक्षरांत दिसणारच नाही, कारण ते मधलं स्टेशन आहे. गाडीच्या नावाच्या जागी शेवटचं स्टेशन असतं: मेसिना, किंवा सांत'आगाता दी मिलितेल्लो. या दोन्ही चालतात. तेर्मिनी इमेरेसे लिहिलं असेल तर ती गाडी चेफालूच्या अलीकडेच संपते. खात्री नसेल तर फलकावर नावाशेजारी बारीक अक्षरांत सरकणारी मधल्या स्टेशनांची यादी वाचा.

या मार्गावर दुहेरीकरणाचं मोठं काम गेली काही वर्षं चालू आहे. ओल्यास्त्रिल्लो ते कास्तेल्बुओनो या टप्प्यात बोगदे आणि चेफालूसाठी नवं भूमिगत स्टेशनही आहे. त्यामुळे अधूनमधून काही गाड्या रद्द होऊन बदली बस सुटते. फलकावर गाडीच्या ठिकाणी 'बस' असं दिसलं तर ती स्टेशनाच्या बाहेरून सुटते, फलाटावर थांबून उपयोग नाही. संपाची, म्हणजे 'शोपेरो'ची, तारीख बहुतेक वेळा आधी जाहीर होते. कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या संपातही सोडाव्याच लागतात. रविवारी आणि सणाच्या दिवशी एकूण गाड्याच कमी.

गाडीत शक्यतो डाव्या खिडकीशी बसा. पालेर्मोहून पूर्वेला जाताना समुद्र डावीकडे असतो.

स्टेशन ते मुक्काम

स्टेशनातून बाहेर पडलात की जुन्या गावाच्या तोंडापर्यंत दहा-पंधरा मिनिटांची चाल आहे. वाट जवळपास सपाट, नव्या वस्तीतून, दुकानांसमोरून. व्हिया मात्तेओत्ती धरली की ती थेट पियात्सा गारिबाल्डीत आणून सोडते. इथून पुढे कोर्सो.

मुक्काम कुठे घ्यायचा, हा प्रश्न खरा बॅगांचा आहे. जुन्या गावातली घरं देखणी, खिडकी उघडली की समोरच्या घरातला स्वयंपाक ऐकू येतो, पण जिना उभा, अरुंद आणि लिफ्ट बहुधा नाही. खोली ठरवताना दोन गोष्टी लेखी विचारा: कितवा मजला आणि 'आशेन्सोरे' म्हणजे लिफ्ट आहे का. मजले आपल्यासारखेच मोजतात, तळमजला सोडून वरचा तो पहिला. गल्ल्यांत फरशी-दगडाचं जुनं जडावकाम आहे, त्यावर बॅगेची छोटी चाकं खडखडतात आणि फटींत अडकतात. दोन मोठ्या बॅगांपेक्षा एक मध्यम बॅग आणि पाठीवरची सॅक, असं सामान असेल तर जुन्या गावात राहा. गुडघे दुखणारे आई-बाबा सोबत असतील, लहान मुलाची ढकलगाडी असेल, तर लुंगोमारेवरचं किंवा स्टेशनच्या बाजूचं लिफ्ट असलेलं हॉटेल घ्या. तिथून जुन्या गावापर्यंतची चाल थोडी आणि सपाट आहे. त्यात तोटा काही नाही.

टॅक्सी स्टेशनासमोर मिळते, पण ती मोजकी. फोनवरून बोलावता येतील अशा गाड्यांच्या भरवशावर इथे राहू नका. पहाटेची गाडी पकडायची असेल तर आदल्या दिवशी हॉटेलवाल्यालाच टॅक्सी सांगायला लावा. हंगामात पर्यटकांना फिरवणाऱ्या तीनचाकी आपे उभ्या असतात, फुलाफुलांचं छत, बसायला गाद्या. हो, तीच आपे, बारामतीच्या पिआजिओ कारखान्यातून निघते ती. आपल्याकडे जिच्यात दहा माणसं आणि दोन शेळ्या बसतात, ती इथे 'गावदर्शन' म्हणून भाव खाते. चालणं जमत नसलेल्या माणसासाठी सोय उत्तम आहे, फक्त बसण्याआधी भाडं ठरवा: माणशी की गाडीचं, आणि किती वेळाचं.

पहिली सकाळ: वरून जा, खालून या

साडेआठ-नऊला पियात्सा गारिबाल्डीपासून सुरुवात करा. कोर्सो रुज्जेरोने कॅथेड्रलकडे चला. दहाच्या सुमारास पालेर्मोहून दिवसभराच्या सहलीवाले उतरू लागतात, त्याआधीचा तास कोर्सो तुमचा असतो. दुकानदार रस्त्यावर पाणी मारत असतात, मालाच्या छोट्या गाड्या तेवढ्या वेळातच आत येतात.

कॅथेड्रलचा चौक अचानक उघडतो. सिसिलीचा नॉर्मन राजा रुज्जेरो दुसरा याने 1131 मध्ये हे बांधकाम सुरू केलं. वादळातून वाचलो तर जिथे किनारा लागेल तिथे मंदिर बांधीन असा त्याने नवस केला होता, अशी आख्यायिका आहे. त्याला स्वतःचं दफनही इथेच हवं होतं, तांबड्या पॉर्फिरी दगडाच्या दोन शवपेट्याही त्याने आणून ठेवल्या. पण त्याला पालेर्मोतच पुरलं आणि 1215 मध्ये त्याचा नातू फ्रेडरिक याने त्या शवपेट्याही पालेर्मोला नेल्या. आत सरळ शेवटपर्यंत जा. गाभाऱ्याच्या अर्धगोलात सोनेरी काचतुकड्यांतला येशू आहे, तिथला लेख 1148 सालचा. हातातल्या उघड्या पुस्तकाची एक बाजू ग्रीकमध्ये, दुसरी लॅटिनमध्ये, दोन्हीकडे एकच वाक्य: मी जगाचा प्रकाश आहे. ते कोरीव काम नाही, लहान लहान तुकडे जडवलेले आहेत, म्हणून दोन पावलं डावीकडे सरका, मग उजवीकडे. उजेड प्रत्येक वेळी वेगळ्या तुकड्यावर पडतो. 2015 मध्ये पालेर्मोतल्या अरब-नॉर्मन वास्तू आणि मोन्रेआलेच्या कॅथेड्रलसोबत हेही युनेस्कोच्या वारसा यादीत आलं.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. किनाऱ्यावरून थेट येणार असाल तर सॅकेत एक ओढणी किंवा पंचा ठेवा. मनोरे, छत, खजिना यांची तिकिटं वेगळी आणि एकत्रही मिळतात. मनोऱ्याला जिना आहे, तोही बराच. ज्यांना रोक्का चढायचा आहे त्यांनी दोन्ही एका दिवशी करू नये.

कॅथेड्रलपासून खाली उतरणाऱ्या व्हिया मान्द्रालिस्कावर त्याच नावाचं संग्रहालय आहे. मान्द्रालिस्काचा जहागीरदार एन्रिको पिराय्नो याने जमवलेला हा संग्रह. लहान, जरा अडगळीचा, शंखशिंपल्यांनी भरलेला. पण इथे आन्तोनेल्लो दा मेसिना या पंधराव्या शतकातल्या चित्रकाराचं एका अनोळखी माणसाचं व्यक्तिचित्र आहे, तिरकस हसणारं. शिवाय इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं एक मातीचं भांडं: त्यावर मासेवाला लाकडी ओंडक्यावर ट्यूना कापतोय आणि गिऱ्हाईक हातात नाणं घेऊन उभं आहे. कोळणीशी घासाघीस केलेल्या माणसाला ते गिऱ्हाईक लगेच ओळखू येईल. तासाभरात सगळं बघून होतं.

आता खालची वाट, व्हिया व्हित्तोरियो एमानुएले. रस्त्याच्या पातळीखाली मध्ययुगीन धुणंघाट आहे, 'लाव्हातोयो'. नागमोडी दगडी पायऱ्यांनी खाली उतरायचं, कमानीखाली दगडी टाक्या, भिंतीतल्या सिंहमुखांतून चेफालिनो नावाच्या भूमिगत नदीचं पाणी सतत वाहतं आणि टाक्या भरून समुद्राकडे निघून जातं. टाक्यांच्या काठाला कपडे घासायच्या तिरक्या शिळा आहेत. हात लावून पाहा, खाचा दिसतात पण टोकं झिजून गुळगुळीत झालेली. विसाव्या शतकातही गावातल्या बायका इथे धुणं धूत. प्रवेश फुकट. पायऱ्या ओल्या असतात, गुळगुळीत तळव्यांच्या चपला घालून उतरू नका. भर उन्हात गावातली सगळ्यात गार जागा हीच.

तिथून थोडं पुढे पोर्ता पेस्कारा, जुन्या तटबंदीतला समुद्राकडचा दरवाजा. कमानीच्या चौकटीतून समुद्र दिसतो, म्हणून प्रत्येकाला तिथेच फोटो काढायचा असतो. रांगेत थांबू नका, कमानीतून बाहेर पडा आणि जुन्या धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जा. मागे वळून पाहिलं की पाण्यातून थेट उभ्या राहिलेल्या घरांची रांग आणि तिच्यावर रोक्का. चेफालूच्या पोस्टकार्डावर असतं ते दृश्य हे. आणखी दहा मिनिटं असतील तर उत्तरेच्या टोकाला कापो मार्कियाफाव्हा या बुरुजावर जा, तिथे बसायला जागा आहे आणि वारा.

ला रोक्का

चढाईची वाट पियात्सा गारिबाल्डीजवळ, कोर्सोच्या सुरुवातीच्या बाजूला सुरू होते, 'सालिता साराचेनी' अशी पाटी शोधा. वर तिकीटघर आहे, पाच युरोंच्या आसपास. बंद व्हायच्या वेळा ऋतूनुसार बदलतात, आणि बंद होण्याच्या बराच आधी नवीन माणसं आत सोडणं थांबवतात. हवा खराब असेल तर वाट बंद.

चढ सिंहगडाइतका नाही, पण फसवा आहे. आधी पायऱ्या, मग दगडी पायवाट. अर्ध्या उंचीवर 'डायनाचं मंदिर' म्हणतात ते मोठमोठ्या शिळांचं बांधकाम लागतं, आत त्याहून जुनं पाण्याचं टाकं. इथपर्यंत सवय नसलेला माणूसही बसत-उठत अर्ध्या-पाऊण तासात येतो, आणि गावाचं, कॅथेड्रलच्या दोन मनोऱ्यांचं सगळ्यात चांगलं दृश्य इथूनच आहे. तिथून पुढे माथ्यावर किल्ल्याचे अवशेष आहेत. माथ्यावर पडक्या भिंती आणि दूरवरचा समुद्र. वेळ कमी असेल तर मंदिरापर्यंतच जा. मंदिराच्या जवळपास थोडी झाडं आहेत, बाकी वाटेवर सावली नाहीच म्हणा.

सकाळी दरवाजा उघडताच जा. चेफालूचा डोंगर गावाच्या पूर्वेला असल्यामुळे सकाळी गावाकडच्या उतारावर बराच वेळ सावली राहते, आणि दुपारनंतर त्याच उतारावर ऊन थेट पाठीत बसतं. पाणी माणशी किमान दीड लिटर खालूनच घ्या. पाय झाकणारे, पकड असलेले बूट. पाऊस पडून गेल्यावर हे दगड तेल लावल्यागत होतात, तेव्हा उतरताना घाई करू नका. काही बरंवाईट झालं तर 112.

किनारा

वाळूचा किनारा लुंगोमारेला लागून आहे, पाणी बरंच आतपर्यंत उथळ, लहान मुलांसाठी चांगलं. किनाऱ्याचे दोन प्रकार: छत्री-खाटेचे पैसे घेणारे 'लिदो' आणि मोकळा 'स्पियाजा लिबेरा'. मोकळ्या भागात आपला पंचा पसरायचा, कुणी काही मागत नाही. ऑगस्टमध्ये नऊनंतर तिथे पंचा पसरायलाही जागा नसते. लिदोवर पहिल्या रांगेचे दर जास्त असतात, तिसऱ्या-चौथ्या रांगेतून समुद्र तेवढाच दिसतो.

लुंगोमारेवरची संध्याकाळची फेरी, 'पास्सेज्जाता', चुकवू नका. साडेसहा-सातनंतर अख्खं गाव कपडे बदलून बाहेर पडतं, आजोबा-नातवंडं, बाबागाडी, आइस्क्रीम. ही फेरी फुकट आहे आणि सपाट आहे, घरातल्या सगळ्यात वयस्क माणसालाही जमते.

गाडी घेतलीच असेल तर

भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो, तो निघण्याआधी आपल्या आरटीओकडून काढायचा. पालेर्मोहून महामार्गाने चेफालूची फाट्याची पाटी लागते, वाटेत थोडा टोल.

खरी गोष्ट पुढे. जुन्या गावात 'झेडटीएल' आहे, मर्यादित वाहतुकीचा भाग. तोंडाशी कॅमेरा आणि वर दिव्यांची पाटी असते. 'व्हार्को अत्तिव्हो' असं लिहिलेलं असेल तर कॅमेरा चालू आहे, आत जाऊ नका. 'व्हार्को नॉन अत्तिव्हो' असेल तर तेवढ्या वेळापुरती वाट मोकळी. गंमत अशी की 'अत्तिव्हो' वाचून पाहुण्याला वाटतं, वाट चालू आहे! अडवायला कुणी नसतं, शिट्टी वाजत नाही. नंबरप्लेटचा फोटो निघतो, दंड भाड्याच्या गाडीच्या कंपनीकडे जातो, कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवते आणि त्या कामाचे वेगळे पैसे तुमच्या कार्डावर टाकते. जुन्या गावात हॉटेल असेल तर आधीच ईमेलवर विचारा: सामान उतरवायला आत येता येईल का, आणि तुम्ही माझा गाडी नंबर नोंदवणार का. उत्तर लेखी आल्याशिवाय आत शिरू नका.

गाडी ठेवताना रस्त्यावरच्या रेघांचा रंग बघा. निळी म्हणजे पैसे भरून, पांढरी म्हणजे फुकट, पिवळी म्हणजे रहिवासी, अपंग व्यक्ती किंवा मालवाहतुकीसाठी राखीव. निळ्या रेघेत ठेवली तर जवळच्या यंत्रातून चिठ्ठी काढून काचेआड ठेवायची. पांढऱ्या रेघांच्या शोधात उन्हाळ्यात पाऊण तास घालवण्यापेक्षा लुंगोमारेच्या बाजूच्या पैसे घेणाऱ्या वाहनतळात गाडी लावा आणि निघेपर्यंत विसरून जा.

गावाबाहेर

दोन दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर मागच्या मादोनिये डोंगरांत एक फेरी मारा. कास्तेल्बुओनो हे किल्ल्याचं गाव आहे, गोड पावासाठी, म्हणजे पानेत्तोनेसाठी, नाव काढलेलं. इथे गल्लीबोळांतला कचरा गोळा करायला गाढवं वापरायला सुरुवात झाली आणि त्याची बरीच चर्चा झाली. कास्तेल्बुओनो नावाचं रेल्वे स्टेशन आहे, पण ते किनाऱ्यावर, गावापासून चांगलंच दूर. म्हणून रेल्वेने नाही, बसने जा. जिबिलमान्ना हे आठशे मीटर उंचीवरचं मरियमेचं देवस्थान, चेफालूपासून साधारण 15 किलोमीटर, वरून किनारा लांबवर दिसतो.

दोन्हीकडे बस मोजक्या, आणि रविवारी जवळजवळ नाहीतच असं धरून चाला. बसचं तिकीट आधी तंबाखूच्या दुकानात किंवा बारमध्ये काढा, 'टी' अक्षराची पाटी असते तिथे. वेळापत्रकात 'फेरियाले' म्हणजे कामाचे दिवस, यात शनिवारही येतो, आणि 'फेस्तिव्हो' म्हणजे रविवार-सुट्ट्या. काही फेऱ्या फक्त शाळा चालू असताना धावतात, त्यावर 'स्कोलास्तिको' असं लिहिलेलं असतं. जूनच्या मध्यानंतर जाणाऱ्यांनी त्या ओळी खोडूनच वेळापत्रक वाचावं. आणि जाण्याआधी परतीची बस किती वाजता, ते बघा.

उन्हाळ्यात बोटीच्या सहली निघतात, किनाऱ्याकाठच्या आणि एओलियन बेटांच्याही. मोठ्या बोटी रोक्काच्या पलीकडच्या प्रेसिदियाना बंदरातून सुटतात, जुन्या धक्क्यावरून नव्हे. तिकिटावरचं बंदराचं नाव नीट वाचा, दोन्हींमधे चांगली चाल आहे. वारा वाढला की सहल रद्द होते, म्हणून बेटांची सहल शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

वेळ आणि भूक

दुपारी एक ते चार छोटी दुकानं बंद. औषधं, फळं, बसचं तिकीट, सगळं एकच्या आत उरका. जेवणाची स्वयंपाकघरं संध्याकाळी साडेसातच्या आधी क्वचितच उघडतात, त्यामुळे सहा वाजता भुकेने रडणाऱ्या मुलासाठी सॅकेत काहीतरी असू द्या. बिलात 'कोपेर्तो' नावाचा माणशी एक-दोन युरोंचा आकार असतो, तो चूक नव्हे.

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. वांगी-टोमॅटोचा पास्ता आल्ला नोर्मा, वांग्याचीच आंबटगोड कापोनाता, आणि पानेल्ले: हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या पातळ वड्या. आरान्चीनाच्या, म्हणजे सारण भरून तळलेल्या भाताच्या गोळ्याच्या, बाबतीत मात्र जपा. 'अल बुर्रो', म्हणजे लोण्याचा, असं नाव असलं तरी आत बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. 'सेन्सा कार्ने, सेन्सा पेशे', बिनमांस बिनमासे, एवढं पाठ करा आणि त्यात 'सेन्सा प्रोशुत्तो' जोडा.

निघताना

पालेर्मोला परत जायचं असेल तर शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच बघून ठेवा, कारण ती तुमच्या जेवणाच्या वेळेशी जुळेलच असं नाही. रविवारी ती आणखी लवकर असू शकते. विमान सकाळचं असेल तर आदली रात्र पालेर्मोत काढा. दुपारचं असेल तर चेफालूहून विमानतळापर्यंत मधल्या बदलासकट किमान तीन तास धरा, आणि विमानतळावर लागणारा वेळ त्यावर वेगळा. हॉटेल सोडल्यावर बॅगा बहुतेक ठिकाणी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतात, फक्त त्यांची कचेरी दुपारी बंद असते का ते विचारा. मुक्कामाचा स्थानिक कर वेगळा आणि अनेकदा रोखीतच मागतात, तेवढे सुटे युरो शेवटच्या दिवसासाठी बाजूला ठेवा.